धुराड्याआधीची राख

* चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात बॉयलरचा धूर चिमणीत शिरण्याआधी ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) या राख पकडणाऱ्या यंत्रणेतून जातो. तिथे चुंबक नसतो. राख ओढते ते विद्युतक्षेत्र. टांगलेल्या तारांना हजारो व्होल्टचा ऋण दाब देतात. तारांभोवतीचा वायू आयनित होतो, आयन राखेच्या कणांना चिकटतात आणि कण ऋणप्रभारित होतात. मग कणाचा प्रभार गुणिले क्षेत्राची तीव्रता, एवढे बल त्याच्यावर लागते. प्रभार ऋण, म्हणून बलाची दिशा क्षेत्राच्या उलट, अर्थिंग केलेल्या पत्र्यांकडे. एक मायक्रॉनच्या कणावर हे बल ढोबळ हिशेबाने त्याच्या वजनाच्या हजारपट भरते! पत्र्यांवर हातोडे आपटले की राख खालच्या हॉपरमध्ये पडते. अडचण निराळीच आहे. आपल्या दगडी कोळशात राख फार, गंधक बहुधा कमी. अशा राखेचा विद्युतरोध जास्त असतो. पत्र्यावर पोहोचलेल्या कणाचा प्रभार लवकर निघून जात नाही, आणि साचलेला थर पुढच्या कणांना ओढणारे क्षेत्रच दुबळे करतो. – संपा.