फिरती वस्ती आणि स्थिर नोंद : गोंदियाच्या सीमाभागातून एक विचार

युरोपातील रोमा लोकांची भाषा भारतीय आर्यकुलातील आहे, हे भाषाशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या अकराव्या खंडात (१९२२) कोल्हाटी, भामटी, बेलदारी आदी बोली एकत्र करून त्यांना ‘जिप्सी भाषा’ असे नाव दिले. या नामकरणात भाषिक साम्यापेक्षा भटकेपणाच्या कल्पनेचा भाग अधिक होता. शासनव्यवहारातही नेमके हेच घडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच संशयित ठरविले. १९११ व १९२४ च्या कायद्यांनी ही व्यवस्था विस्तृत व दृढ केली. अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ती संपुष्टात आली. इंग्रजी परिभाषेत या जमाती केवळ ‘अधिसूचनेतून वगळलेल्या’ ठरल्या. मराठीने मात्र त्यांना ‘विमुक्त’ म्हटले. शब्द उदार होता. परंतु मुक्ताला हक्क मिळावयाचा तर त्याची नोंद हवी, आणि नोंदीस ठिकाण हवे.

येथेच गोंदियाचा प्रश्न उद्भवतो. १ मे १९९९ पर्यंत हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता. १९५६ पर्यंत भंडारा व शेजारचा बालाघाट हे दोन्ही जिल्हे मध्यप्रदेश राज्यातच मोडत. पुढे त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. सालेकसा व देवरी हे तालुके आज छत्तीसगडला लागून आहेत. हंगामाप्रमाणे फिरणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तो एकच मुलूख होय. महाराष्ट्रात मात्र विमुक्त व भटक्यांच्या जातप्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांना एका गावी स्थिर राहण्याची परंपराच नव्हती, त्यांच्याकडून स्थैर्याचा कागद मागणे हा या धोरणातील मूलभूत विरोध होय.

राज्याने १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती यांची यादी केली. अ, ब, क, ड अशा प्रवर्गांस मिळून ११ टक्के आरक्षण आहे. हे कार्य लहान नव्हे. तथापि बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त, तेलंगणात अनुसूचित जमात आणि कर्नाटकात अनुसूचित जाती गणला जातो. म्हणजे सीमा ओलांडताच माणसाचा वर्ग बदलतो. रेणके आयोगाने (२००८) व इदाते आयोगाने (२०१७) या जमातींच्या नोंदीचा प्रश्न मांडला. २०२२ मध्ये केंद्राने शिक्षण, आरोग्य, उपजीविका व घरकुल यांसाठी स्वतंत्र योजना आरंभिली. तिचाही लाभ अखेर ओळखपत्रावरच अवलंबून आहे.

युरोपीय संघाने २०११ व २०२० मध्ये रोमांच्या समावेशनाचे आराखडे केले. तेथेही शिक्षण, रोजगार, आरोग्य व निवास हीच चार क्षेत्रे मुख्य मानली आहेत. दोन्हीकडे योजना स्थिर नागरिक गृहीत धरतात. म्हणून कागद नसेल तेथे बोली, नातेसंबंध व फिरण्याचे परंपरागत मार्ग यांच्या साक्षीस पुराव्याचे मूल्य द्यावयास हवे. अशी साक्ष शास्त्रशुद्ध रीतीने नोंदविणे हे केवळ महसूल खात्याचे काम नव्हे. ते विद्यापीठांचेही कर्तव्य आहे. त्या पिढीतील वृद्ध हयात आहेत तोवरच ते करता येईल.