पाण्यावरचें उतरणें

वर्धा व पैनगंगा या नद्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमा राखतात. उन्हाळ्यांत त्यांचीं पात्रें उघडीं पडतात. पावसाळ्यांत त्याच नद्या नावाड्याचाहि धीर खचवितात. पाण्याचा हा लहरीपणा आपणांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. तरीहि एके काळीं विलायतेचें पत्र आपल्या दारीं येई, तें पाण्यावरच विसंबून.

१९३८ च्या फेब्रुवारींत साम्राज्याची नवी हवाई टपालयोजना हिंदुस्थानास लागू झाली. अर्ध्या औंसाचें पत्र दीड पेनींत इंग्लंडहून निघे. इंपीरियल एअरवेजच्या ‘उडत्या नौका’ तें कराचीस आणीत. तेथून टाटांचीं विमानें तें मुंबईस नेत, आणि पुढें आगगाडी. या नौका म्हणजे चार एंजिनांचीं, ११४ फूट पंखविस्ताराचीं विमानें. त्यांस बांधलेली धावपट्टी नको. समुद्र, नदी वा तलाव पुरे. मेवाडच्या महाराणा राजसिंहानें सतराव्या शतकांत बांधविलेला राजसमंद तलाव, शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानांतील जलाशय, अलाहाबाद आणि कलकत्त्याची हुगळी हीं त्यांचीं वाटेवरचीं ठाणीं होतीं.

हिशेब चोख होता. परंतु पाणी मऊ असतें ही समजूत खोटी होती. वेगानें आदळणाऱ्यास तें दगडासारखें लागतें. तें आरशासारखें संथ असेल, तर वैमानिकास आपली उंची उमगत नाहीं. खवळलेलें असेल, तर तळ फुटतो. वाऱ्याचा झोत बाजूनें आला, तर पंखाचें टोंक पाण्यांत रुततें.

ता. २७ नोव्हेंबर १९३८ रोजीं ‘कॅल्पर्निया’ ही टपालवाहू नौका इराकांतील हब्बानिया सरोवरावर धुळीच्या वादळांत उतरतांना कोसळली. चार कर्मचारी मृत्युमुखीं पडले. पुढें ता. १२ जून १९३९ रोजीं ‘सेंच्युरियन’ हुगळीवर उतरत असतां वाऱ्याच्या झोतांत सांपडून बुडाली. प्राणहानि मात्र टळली.

पहिल्या अपघातास इतिहासांत थोडी तरी जागा मिळाली. दुसरा विस्मृतींत गेला. मला हा न्याय उफराटा वाटतो. दोन्ही ठिकाणीं शिकवण एकच होती. बांधलेली जमीन आपल्या आज्ञेंत राहते, पाणी राहत नाहीं. मृत्यु झाला कीं आपण कारण शोधतों. माणसें वांचलीं कीं दैवाचे आभार मानून उठतों. पण धडा फुकट मिळाला म्हणून तो हलका ठरत नाहीं.

महायुद्धानें जगभर पक्क्या धावपट्ट्या घातल्या आणि १९५० त ब्रिटिश कंपनीनें आपल्या उडत्या नौका निवृत्त केल्या. ता. ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं साबरमती ते केवडिया अशी जलविमानसेवा सुरू झाली व थोड्याच काळांत थांबली. अशा योजना पुनः निघतील, निघाव्यातहि. मात्र त्यांच्या कर्त्यांनीं आधीं हुगळीचा तो बिनमृत्यूचा दिवस वाचावा, एवढेंच मागणें.