कंडेन्सरचं कूळ

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गजवळ अणदूर लागतं. खंडोबाचं गाव. देव वर्षातले बहुतेक महिने इथे राहतो, उरलेले मैलारपुरात, आणि मुक्काम हलवताना दोन्हीकडच्या मंडळींत रीतसर लेखी करार होतो. या लेखाचा विषय मात्र इथल्या शिवारातल्या विहिरी-बोअरवर टांगलेली लोखंडी पेटी आहे. तिच्यात स्टार्टर असतो, फ्यूज असतात आणि एक किंवा दोन कंडेन्सर. शेतीला थ्री-फेज वीज मिळते ती ठरावीक तास. एरवी दोनच फेज आले, तर कंडेन्सर लावून थ्री-फेज मोटर टू-फेजवर पळवायची विद्या मराठवाड्यात कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. महावितरणचं म्हणणं वेगळंच: पंपाला योग्य कपॅसिटर, म्हणजे कंडेन्सरच, बसवा, म्हणजे दाब सुधारेल आणि रोहित्र जळणार नाही. म्हणजे विजेच्या शास्त्रातली एक मोठी अवघड वस्तू इथल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि ती ‘उडते’, ‘फुगते’, ‘बसते’ हेही त्याला पाठ आहे.

पेटीतला तो डबा, घरच्या पंख्यातला अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) ठोकळा आणि एखाद्या जुन्या ऑसिलोस्कोपच्या पोटातला अॅल्युमिनियमचा कॅन हे तिघे एकाच कुळातले. पण शाखा लांबलांबच्या, आणि मरायची रीत प्रत्येकाची निराळी. जुनी मोजमाप-यंत्रं पुन्हा चालू करणारे पुष्कळ जण हे कूळ न बघता फक्त वय बघतात आणि सरसकट सगळे कंडेन्सर उपटून नवे लावतात. माझा विरोध आहे तो याला.

मूळपुरुष सगळ्यांना ठाऊक असतो. १७४५ मध्ये पोमेरेनियात क्लाइस्टने आणि पाठोपाठ लायडन शहरात मुसेनब्रुकने काचेच्या बरणीत वीज साठवली. मुसेनब्रुकला असा झटका बसला, की फ्रान्सचं राज्य दिलं तरी पुन्हा हे करणार नाही असं त्याने लिहून ठेवलं. फ्रान्समध्ये नोलेने लगेच १८० शिपाई हात धरून उभे केले आणि राजासमोर एका झटक्यात उडवून दाखवले. १७८२ मध्ये व्होल्टाने आपल्या उपकरणाला कंडेन्सर म्हटलं, दुकानात आजही तेच चालतं. बरणीतली काच हा विजेला अडवणारा पडदा आणि आतबाहेरचा धातूचा पत्रा या दोन पाट्या. पडदा जितका पातळ आणि पाट्या जितक्या मोठ्या, तितकी वीज जास्त मावते, म्हणजे धारकता मोठी. पुढची दोनशे वर्षं सगळी खटपट पडदा पातळ करण्याची.

काचेनंतर अभ्रक आलं, मेण पाजलेला कागद आला. अभ्रकाचा कंडेन्सर जवळजवळ अमर असतो. साठ वर्षांनी काढून मोजला तरी बहुतेकदा अंगावर छापलेला आकडाच सांगतो. कागद मात्र हवेतला ओलावा ओढतो आणि हळूहळू गळू लागतो. व्हॉल्व्हच्या यंत्रात एका व्हॉल्व्हचा आवाज पुढच्याला पोचवायला असा कागदी कंडेन्सर असायचा. तो गळू लागला, की आधीच्या व्हॉल्व्हचे शे-दोनशे व्होल्ट पुढच्याच्या ग्रिडवर जाऊन बसतात आणि दोष कंडेन्सरचा असून जीव व्हॉल्व्हचा जातो. म्हणून मेणकागदाचे, रंगीत पट्ट्यांचे किंवा काळ्या प्लास्टिकातले जुने कंडेन्सर दिसले, तर तिथे मोजत बसू नये. काढावेत. युरोपातल्या यंत्रांत मेन्सच्या तोंडाशी पारदर्शक पिवळट राळेत ओतलेले रिफा कंपनीचे कागदी कंडेन्सर असतात. त्या राळेला बारीक तडे जातात, ओलावा आत शिरतो आणि कित्येक वर्षांनी यंत्र मेन्सला जोडलं, की पाच-दहा मिनिटांत धूर. वासाने खोली सोडावी लागते.

खरा इतिहास सुरू होतो तो इलेक्ट्रोलिटिकपासून. अॅल्युमिनियमचा पत्रा विशिष्ट द्रवात बुडवून धन टोकाला जोडला, की त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि वीज एकाच दिशेने जाऊ देतो, हे फ्रान्समध्ये दुक्रेतेने १८७५ च्या सुमारास पाहिलं होतं. कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने १८८६ मध्ये आणखी एक गोष्ट ताडली: द्रव उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असेल, तर वीज बंद केल्यावरही थर टिकतो. १८९६ मध्ये त्याने टाकणखाराच्या द्रावणातल्या अॅल्युमिनियमच्या कंडेन्सरसाठी पेटंट मागितलं. हा पडदा कुणी बनवून लावत नाही, तो दुधावरच्या सायीसारखा आपोआप धरतो. एका व्होल्टला सव्वा-दीड नॅनोमीटर, एवढी त्याची जाडी. चारशे पन्नास व्होल्ट झेलणारा थरसुद्धा एका मायक्रोमीटरपेक्षा पातळ. आणि त्याला बारीक भोक पडलं, तर द्रव आणि वीज मिळून ते पुन्हा बुजवतात. काचेच्या बरणीला कुणी असं शिकवू शकलं नव्हतं.

पण याच युक्तीत त्याचं मरणही आहे. थर सांभाळायला द्रव लागतो आणि द्रव वाळतो. थर टिकवायला अधूनमधून वीज लागते आणि यंत्र पंचवीस वर्षं अडगळीत पडलेलं असतं. असा कंडेन्सर एकदम पूर्ण दाबावर जोडला, की गळती प्रचंड होते, आत गरम होतं, वायू तयार होतो आणि डोक्यावरची खाच फाटते. उलटा जोडला तर विचारायलाच नको.

सुरुवातीचे इलेक्ट्रोलिटिक खरोखरच ओले होते, डब्यात द्रव हिंदकळायचा आणि ते उभेच ठेवावे लागत. टेलिफोन एक्स्चेंजमधली गुरगुर दाबायला ते वापरले जात. १९२० च्या दशकात रेडिओ बॅटरीवरून मेन्सवर आला आणि स्पीकरमधून गुणगुण येऊ लागली. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती १०० हर्ट्झची. ती गिळायला मोठी धारकता स्वस्तात हवी होती. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल रुबेनने द्रवाऐवजी लगद्यासारख्या मिश्रणात भिजवलेला कागद दोन फॉइलच्या मध्ये गुंडाळला, मॅलरी कंपनीने तो बाजारात आणला, आणि घरोघरच्या रेडिओत तो बसला. पुढे फॉइलवर आम्लाने खाचा पाडून क्षेत्रफळ कित्येक पट वाढवलं, डबा लहान झाला. अणदूर ज्यात येतं तो धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद, औरंगाबादला निजामाची स्वतःची रेडिओ केंद्रं होती. ज्यांच्या वाड्यात तेव्हा रेडिओ होता, त्यांच्या वाड्यात हा कंडेन्सरही होता, ठाऊक नसला तरी.

मोजमापाची यंत्रं रेडिओच्याच पाठीवर बसून आली. हेवलेट-पॅकार्डची सुरुवात १९३९ ची, टेक्ट्रॉनिक्सची १९४६ ची. आपल्याकडे प्रभाकर देवधरांनी १९६२ मध्ये अॅपलॅब काढली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून तिचे पॉवर सप्लाय आणि ऑसिलोस्कोप देशभरच्या प्रयोगशाळांत गेले. हेच देवधर पुढे इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. मोटवानेचे काट्याचे मल्टिमीटर नाशिकचे. या मीटरना कंडेन्सरचं वय सहसा बाधत नाही, कारण आत वाळण्यासारखं काही फारसं नसतं. त्यांचा वैरी म्हणजे आत विसरलेला सेल, तो पाझरून पितळी पट्ट्या खातो. ऑसिलोस्कोपचं तसं नाही. त्याचा पडद्यावरचा ठिपका पॉवर सप्लायच्या स्थिरतेवर जगतो. त्या सप्लायमधला फिल्टर कंडेन्सर थकला, की रेघ जाड होते, थरथरते, आणि आपण बाहेरच्या सर्किटमधला दोष शोधत बसतो.

थकवा आणते उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं, की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, असा कारागिरांचा हिशेब आहे आणि रसायनशास्त्र त्याला दुजोरा देतं. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात चाळिशी ओलांडणारी हवा, त्यात व्हॉल्व्हचा शेक. आपल्याकडच्या यंत्रांचे कंडेन्सर युरोपातल्या जुळ्या भावांपेक्षा लवकर म्हातारे होतात, यात नवल नाही.

सरसकट बदलण्याची चाल रेडिओच्या शौकिनांत आधीपासून होती. तिला नवं बळ मिळालं ते संगणकांमुळे. १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रव भरलेले कंडेन्सर जगभरच्या मदरबोर्डांवर फुगले, फुटले. द्रवाचं सूत्र कुणी अर्धवट चोरलं, अशी गोष्ट तेव्हा गाजली. इलेक्ट्रोलिटिक दिसला की बदला, हा मंत्र तिथून जुन्या यंत्रांनाही लागू झाला. त्यात नुकसान होतं. चांगले अभ्रकाचे, सिरॅमिकचे कंडेन्सर जातात, प्रिंटेड बोर्डावरची तांब्याची पट्टी उचकटते, आणि काम झाल्यावर यंत्र बिघडलं तर नवा दोष कुठे घुसला हे सापडत नाही. आधी मोजावं. नुसता एमएफडी मोजून भागत नाही. आकडा बरोबर दाखवणाऱ्या कंडेन्सरचा आतला रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, तो कित्येक पट वाढलेला असू शकतो. पंख्याच्या कंडेन्सरचं गणित उलटं: त्यात प्लास्टिकची फिल्म असते, भोक पडलं की भोवतालचा धातूचा मुलामा उडून जखम बंद होते आणि दर जखमेला धारकता थोडी कमी होते. म्हणून पंखा एके दिवशी बंद पडत नाही, वर्षभर मंदावतो. टॅंटलमचे थेंबासारखे कंडेन्सर सत्तरच्या दशकातल्या यंत्रांत भरपूर आहेत. ते आधी कसलीच सूचना देत नाहीत, सरळ शॉर्ट होतात.

बंद पडलेलं यंत्र उठवायची आपल्याकडची रीत चांगली आहे: आधी सिरीज बल्ब, मग डिमरस्टॅट. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं. मंद झाला तर डिमरस्टॅटने दाब तासातासाने चढवायचा, म्हणजे थर पुन्हा धरतो. व्हॉल्व्हचा रेक्टिफायर असेल तर मात्र कमी दाबावर तो चालतच नाही, तेव्हा कंडेन्सर सोडवून वेगळ्या सप्लायवर चढवावा. एक खोड मोडायला हवी, भरलेल्या कंडेन्सरला पेचकस टेकवून चर्र करण्याची. रोधातूनच रिकामा करावा, आणि रिकामा झाल्यावरही पुन्हा मोजावा, कारण मोठा कंडेन्सर थोडी वीज परत वर आणतो.

नवा घेताना एमएफडी जवळपास तोच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि १०५ अंश तापमान सोसणारा. अणदूरहून सोलापूर जवळ, हैदराबादचा कोटी बाजार लांब, पण जुन्या मापाचा माल कोटीला मिळण्याची आशा जास्त. आजचा कंडेन्सर जुन्याच्या चौथाई आकाराचा येतो. काही जण जुना कॅन कापून नवा आत लपवतात. मला ते संग्रहालयासाठी ठीक वाटतं, कामाच्या यंत्रात नको.

टेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉल्व्हवाल्या ५०० मालिकेतल्या ऑसिलोस्कोपला हात लावण्याआधी मात्र थांबावं. त्यात पार्ट चिनीमातीच्या पट्ट्यांवर जोडलेले असतात आणि पट्टीच्या खाचांना चांदीचा मुलामा आहे. साध्या कथलाचा डाग दिला, की कथील ती चांदी चाटून घेतं आणि पुढचा डाग धरतच नाही. म्हणून तीन टक्के चांदीचं सोल्डर लागतं. कंपनी त्याचं छोटं रीळ यंत्राच्या आतच ठेवून देत असे, ते अजून जागेवर आहे का ते आधी बघावं. फिल्टर बदलले, की या मालिकेतल्या ५४५ सारख्या यंत्रात उणे १५० व्होल्टचा सप्लाय पहिल्यांदा लावायचा. बाकीचे सगळे सप्लाय त्याच्याकडे बघून स्वतःला सावरतात, त्यामुळे तो चुकला तर पुढचं मोजणं व्यर्थ.