वाट कशी होती?

आमचे गाव आणे. कल्याण-नगर रस्त्यावरचे हे जुन्नर तालुक्यातले पठार पाण्याच्या बाबतीत कायमचे गरीब. पण रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरी वाढताना गावाचा हात कधी आखडत नाही. माझ्या थोरल्या काकांचे पाय लहानपणीच पोलिओने गेले. यात्रेला आम्ही मुले त्यांना पाठुंगळी घेऊन जात असू. एकदा पंगतीत बसले, की काका इतरांइतकेच उंच होत. पंगत उठली की मात्र आम्ही न्यायला येईपर्यंत तिथेच बसून राहत.

आम्ही कुठे सहलीला जाऊन आलो, की काय पाहिले हे ते विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला: "वाट कशी होती?"

त्या प्रश्नाने मला आमच्या तालुक्याचा इतिहास नव्याने वाचायला लावला. नाणेघाट पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातला माल याच घाटाने जुन्नरला चढे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे आणि वर दगडी रांजण आहे. त्यात जकात पडे असे सांगतात. व्यापार चालावा म्हणून ती वाट राखली गेली. शिवनेरीची तऱ्हा उलटी. शत्रूला चढता येऊ नये हाच तिथे हेतू, म्हणून एकामागून एक सात दरवाजे. त्यांतल्या एकाचे नाव हत्ती दरवाजा! लेण्याद्रीला भिक्षूंनी एकांतासाठी डोंगराची कूस निवडली. आज गिरिजात्मजाच्या दर्शनाला तीनशेच्या घरात पायऱ्या चढाव्या लागतात. ज्याला चढवत नाही, तो डोलीत बसतो. व्यापारी, सैनिक, भिक्षू, हत्ती, सगळ्यांचा विचार झाला. काकांचा तेवढा राहिला.

तो विचार कायद्यात यायला फार काळ लागला. संयुक्त राष्ट्रांनी 1981 हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आपल्याकडे 1995 साली कायदा झाला, आणि 2016 च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. वाटा, इमारती, वाहने सर्वांना वापरता यावीत, एवढेच नव्हे तर करमणुकीतही सर्वांना वाटा मिळावा, हे त्यात आले. कोणी दयेने उचलून न्यावे, यापेक्षा ही गोष्ट निराळी आहे.

आणि ती अवघडही नाही. एक फूट चढायचे असेल, तर निदान बारा फूट लांबीचा उतार हवा. त्याला धरायला कठडा, चाक रुतणार नाही अशी घट्ट जमीन आणि मध्ये टेकायला सपाट जागा. एखादी आई बाबागाडी घेऊन येईल, गुडघे धरलेले आजोबा येतील, तेही हीच वाट धरतील.

चुकते ते लहानशा गोष्टीत. काकांना चाकाची खुर्ची मिळाली, तेव्हा मी त्यांना एका शहरातल्या बागेत नेले. आत रस्ता गुळगुळीत, झाडांची गर्द सावली. पण गुरे शिरू नयेत म्हणून दारात वाकडेतिकडे लोखंडी दांडे. खुर्ची अडकली. काका हसून म्हणाले, "अरे, हे दार गुरांसाठी आहे की माझ्यासाठी?" शेवटी पहारेकऱ्याने मोटारीचे फाटक उघडले. काका हसले खरे, पण त्या दिवशी ते फार बोलले नाहीत.

मग मी त्यांना ओझरला नेले. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री डोंगरात, तर ओझरचा विघ्नेश्वर कुकडीकाठी सपाटीवर. तिथे काकांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः चाके फिरवीत नदीकडेची सावली गाठली. परत आल्यावर मीच विचारले, "काका, वाट कशी होती?"

"बरी होती," ते म्हणाले. "तुला हाक मारावी लागली नाही."

शिवनेरी सपाट करा, असे कोणी म्हणत नाही. गड गडच राहू द्या. पण गावोगावी नव्या बागा होत आहेत. त्यांचे दार आखताना कोणी काकांसारख्यांची आठवण ठेवली, तर पुढच्या दिवाळीत काही घरांतून फिरायला निघणारी माणसे वाढतील.