वर्गणीतून निघालेला वर्ग

इ. स. १७४२ च्या फेब्रुवारी महिन्याची १५ तारीख. इंग्लंडच्या पश्चिमेकडील ब्रिस्टल बंदरात मेथडिस्ट मंडळीतील काही प्रमुख माणसे एका अगदी व्यावहारिक विवंचनेपायी एकत्र जमली होती. तीन वर्षांपूर्वी बांधलेल्या सभागृहाचे कर्ज फिटता फिटत नव्हते. तेव्हा कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचविले की, प्रत्येक सभासदाने दर आठवड्यास एक पेनी द्यावी. पुष्कळांना तेवढेही परवडणार नाही, असा आक्षेप निघाला. त्यावर फॉयने उत्तर दिले की, सर्वांत गरीब अशी अकरा माणसे आपल्याकडे लावून द्यावीत. आपण दर आठवड्यास त्यांना भेटू, ती देतील तेवढे घेऊ आणि उरलेली तूट स्वतः भरून काढू. इतरांनीही हीच जबाबदारी पत्करली, आणि सारी मंडळी सुमारे बारा-बारा जणांच्या गटांत वाटली गेली. मेथडिस्ट पंथाचा पुढे प्रसिद्धीस आलेला ‘वर्ग’ हा असा वर्गणीतून निघाला.

या मंडळीचा संस्थापक जॉन वेस्ली हा इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा दीक्षित पाद्री होता आणि १७९१ साली मृत्यू येईपर्यंत तो त्याच चर्चमध्ये राहिला. परंतु घरातल्या उपासनेचा संस्कार त्याच्यावर लहानपणीच झालेला होता. १७११-१२ च्या हिवाळ्यात त्याचे वडील लंडनला गेले असता आई सुझॅना हिने रविवारी संध्याकाळी एपवर्थच्या घरी मुलांसाठी व नोकरांसाठी प्रार्थना सुरू केली. शेजारी येऊ लागले आणि पाहता पाहता ही संख्या दोनशेच्या घरात गेली. तेथील दुय्यम पाद्र्याने तक्रार केली. तिला पार्श्वभूमीही होती. १६६४ च्या कायद्याने, घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक जणांनी राजमान्य पद्धतीबाहेरील उपासनेसाठी जमणे हा गुन्हा ठरविला होता. १६८९ साली काही सवलती मिळाल्या, तरी घरगुती सभेविषयीचा संशय समाजातून गेलेला नव्हता. पतीने सभा बंद करावी असे सुचविले, तेव्हा सुझॅनाने कळविले की, नुसती इच्छा पुरेशी नाही, स्पष्ट आज्ञाच पाठवावी. म्हणजे या कार्याचा दोष तिच्यावर राहणार नाही. तशी आज्ञा आली नाही. जॉन त्या वेळी जेमतेम ८ वर्षांचा होता.

१७३९ पासून वेस्ली उघड्या मैदानावर प्रवचने करू लागला. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथील कोळशाच्या खाणीतले मजूर हजारोंनी जमत, हेलावून जात. पण प्रवचन संपल्यावर त्यांचे पुढे काय? सोमवारी तीच खाण, तेच दारूचे गुत्ते आणि तेच दारिद्र्य. एकटा उपदेशक एवढ्यांच्या घरी कसा पोहोचणार? या प्रश्नाचे उत्तर त्याला फॉयच्या योजनेत अवचित सापडले.

पेनी मागायला गेलेल्या नायकांना घराच्या आतले चित्र दिसू लागले. एकाने येऊन सांगितले की, अमुक सभासद बायकोशी भांडताना आढळला. दुसऱ्याला कोणी मद्याच्या अमलात सापडला. आपल्याला इतके दिवस हवे होते ते हेच, हे वेस्लीच्या ध्यानात आले. मात्र घरोघर फिरण्यात फार वेळ जाई. शिवाय पुष्कळ सभासद नोकरीनिमित्त दुसऱ्यांच्या घरी राहत आणि मालकांना ही ये-जा खपत नसे. म्हणून आठवड्यातून एकदा वर्गातील सर्वांनीच एकत्र यावे, असे ठरले. पुष्कळ ठिकाणी एखाद्याचे घरच सभास्थान बनले. गीत व प्रार्थना झाल्यावर नायक प्रत्येकाला त्याच्या जीवाची खुशाली विचारी. कोणाची चूक असेल तर समज देई, कोणी खचला असेल तर धीर देई.

१७४३ साली वेस्लीने नियम प्रसिद्ध केले. प्रवेशासाठी एकच अट होती: पापापासून सुटण्याची तळमळ. मात्र ती तळमळ आचरणात दिसली पाहिजे. कोणाचे वाईट करू नये, शक्य तितके भले करावे आणि उपासनेत खंड पडू देऊ नये, ही तिची लक्षणे होत. दर तीन महिन्यांनी चौकशी होऊन सभासदाला तिकीट मिळे. वर्तन बिघडलेल्याला ते मिळत नसे.

ही शिस्त जाचक नव्हती असे म्हणता येणार नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे अंतरंग तपासण्यात आगंतुकपणाचा धोका असतोच. ही माणसे कॅथलिक पद्धतीचे पापनिवेदन मागील दाराने आणीत आहेत, असा आरोपही झाला. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्यांचे नाव चर्चमध्ये कोणी घेत नव्हते, अशा कारागिरांना, मोलकरणींना व खाणकामगारांना येथे आठवड्यातून एकदा कोणीतरी आस्थेने विचारीत असे. नायकाला दीक्षेची गरज नव्हती. दुकानदार, विणकर आणि पुष्कळ स्त्रियाही नायक झाल्या. व्यासपीठावर जिला स्थान नव्हते, तिला दिवाणखान्यात अधिकार मिळाला.

वेस्लीच्या मृत्यूसमयी ब्रिटन व आयर्लंड मिळून या पंथाचे ७० हजारांहून अधिक सभासद होते. पुढे प्रतिष्ठा वाढली, मोठी चर्चे उभी राहिली आणि वर्गाचे रूपांतर हळूहळू हजेरीपटात झाले. अमेरिकेतील दक्षिणेकडच्या मेथडिस्ट मंडळीने १८६६ साली वर्गाच्या उपस्थितीची सक्तीच काढून टाकली.

तरीही कल्पना मेली नाही. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हा अमेरिकन उपदेशक मुंबईस आला, तेव्हा त्याने नव्या अनुयायांसाठी प्रथम इमारत शोधली नाही. त्याने त्यांचे लहान सहवास-गट पाडले आणि ते शहरातील खाजगी घरांतून भरविले. मुंबईची मेथडिस्ट मंडळी या घरांतूनच उभी राहिली. ब्रिस्टलला गट आले ते इमारतीचे कर्ज फेडण्यासाठी. मुंबईत गट आधी जमले आणि इमारत मागाहून आली.