कुलपाची परीक्षा

घराबाहेर पडताना आपण दार ओढून घेतो, कुलूप हिसडून पाहतो आणि निश्चिंत होतो. ही निश्चिंती कितपत खरी, याची जाहीर परीक्षा लंडनमध्ये १८५१ साली झाली.

त्या काळी इंग्लंडमध्ये दोन कुलपांचा मोठा दबदबा होता. जोसेफ ब्रामाने १७८४ साली पेटंट घेतलेल्या कुलपाचा एक नमुना पिकॅडिलीतील दुकानाच्या खिडकीत मांडलेला असे. किल्लीविना तो उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. दुसरे कुलूप जेरेमाया चबचे, १८१८ सालचे. त्यातील एखादी तरफ गरजेपेक्षा जास्त उचलली गेली, की कुलूप अडकून बसे आणि कोणीतरी हात लावल्याचे मालकाला कळे.

महाप्रदर्शनाच्या निमित्ताने आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने चबचे कुलूप २५ मिनिटांत उघडले. ब्रामाच्या कुलपाला १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. पण तेही उघडले.

हे जमले कसे? समजा, कुलपात ५ तरफा आहेत आणि प्रत्येकीच्या १० उंची संभवतात. एकूण शक्यता १,००,०००. पण प्रत्यक्षात सगळे भाग अगदी तंतोतंत घडवता येत नाहीत. त्यामुळे कुलपाच्या दांडीवर हलका दाब दिला, की सर्व तरफा एकदम न अडता एकच आधी अडते. तिची उंची साधली, की पुढची अडते. म्हणजे गुणाकाराच्या जागी बेरीज येते: फार तर ५० प्रयत्न!

अशी माहिती उघड केल्याने चोरांचे फावेल, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. हॉब्जच्या १८५३ सालच्या पुस्तकात त्याला उत्तर आहे: चोरांना हे आधीच ठाऊक असते, अंधारात राहतो तो घरमालक. आम्हाला हे उत्तर पटते. दोष लपवल्याने कुलूप मजबूत होत नाही. तो कळला, तरच सुधारता येतो.

पुढे लायनस येल (धाकटा) याने १८६१ व १८६५ साली खिट्ट्यांच्या कुलपाची पेटंटे घेतली. तत्त्व प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपाचेच. आज आपल्या दारांच्या कित्येक लॅचमध्ये हीच रचना असते. तीही हॉब्जच्या युक्तीपासून पूर्णपणे सुटलेली नाही. म्हणून काही कुलपांत खिट्ट्यांना मुद्दाम खाचा देतात, म्हणजे उघडणाऱ्याचा हात फसतो.

वर्गात मुलांना विचारून पाहावे: ४ खिट्ट्या आणि ६ उंची असतील तर? १२९६ की २४? या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच कारागिराचे कसब.