कारभाऱ्याचा कारभार

सुधारणा करणाऱ्याच्या हाती सत्ता किती काळ ठेवावी? अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याचा, म्हणजे आजच्या एफबीआयचा, इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

१९२४ साली हे खाते बदनाम झाले होते. वशिल्याच्या नेमणुका होत होत्या आणि टीका करणाऱ्या सिनेटरांच्या मागे हेर लावले जात होते. त्या मे महिन्यात अ‍ॅटर्नी जनरल हार्लन स्टोन यांनी २९ वर्षांच्या जे. एडगर हूव्हर यांच्याकडे खाते सोपविले. हूव्हर यांनी नालायकांना घरी बसविले, कायदा व हिशेब जाणणारे तरुण घेतले, कचेऱ्यांची नियमित तपासणी लावली आणि बोटांच्या ठशांचा मध्यवर्ती संग्रह उभारला.

पण पुढे खात्याला आकड्यांची चटक लागली. सापडलेल्या मोटारी आणि झालेल्या शिक्षा मोजून दाखवावयाच्या व त्यांवर सरकारी पैसा मागावयाचा, असा पायंडा पडला. मोटारचोर मोजता येतो. संघटित गुन्हेगारीचा सूत्रधार असा मोजता येत नाही. जुना रोगही परतला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर पाळत बसली आणि हूव्हर यांना जाब विचारण्यास कोणी धजेना. १९७२ मध्ये, ४८ वर्षांनी, ते पदावर असतानाच वारले.

१९७३ मध्ये आलेल्या क्लॅरन्स केली यांनी प्रकरणांच्या संख्येपेक्षा महत्त्व पाहण्याचा दंडक घातला. १९७६ च्या कायद्याने संचालकाच्या मुदतीला १० वर्षांची मर्यादा घातली. १९२४ च्या सुधारणेत हीच एक गोष्ट राहून गेली होती.